मे महिन्यात धुकं

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. साखर पेठेत आमच्या गल्लीतले एक मामा, टॉवेलच्या लूमवर कामाला, रविवारी सकाळी उंबऱ्यावर बसून मामीला विचारतात काय, "आज धुकं पडलंय का गं?" सोलापूर, मे महिना, नऊलाच चटके बसायलेत, कसलं धुकं ओ! आम्ही हसलो. त्याचं अजून वाईट वाटतं.

आदल्या रात्री हातभट्टीची प्यायले होते. रात्री काहीच नाही, भाकरी खाल्ली, झोपले. सकाळी उलट्या, पोटात कळ, डोकं धरून बसलेले, सगळे म्हणाले उतरली नाही अजून, लिंबूपाणी द्या, झोपू द्या. जवळच्या एका डॉक्टरनी पण ॲसिडिटीची गोळी देऊन घरी पाठवलं. दुपारी मात्र नुसतं बसल्या जागी तीन जिने चढून आल्यासारखी धाप लागली, तेव्हा रिक्षात घातलं आणि सिव्हिल गाठलं.

तिथल्या पोरसवदा डॉक्टरनी पहिलंच विचारलं, डोळ्यांना नीट दिसतंय का? मग आमची ट्यूब पेटली. दारूत मिथेनॉल, म्हणजे एक घातक जातीचं अल्कोहोल, असलं की शरीरात त्याचं फॉर्मिक ॲसिड होतं, पण हळूहळू, 12 ते 24 तास सुद्धा जातात, आणि ते ॲसिड डोळ्याची नसच धरतं. दुसरा प्रश्न, सोबत कोण कोण प्यायलं? त्यातला एकजण घरी मस्त टीव्ही बघत होता, त्याला उचलूनच आणला.

उपचार म्हणजे सलाईनमधून सोडा बायकार्ब, फोलिनिक ॲसिड आणि डायलिसिस. उतारा म्हणून फोमेपिझोल, ते नसलं तर चक्क इथेनॉल, म्हणजे दारूतलंच अल्कोहोल, कारण लिव्हरचं एन्झाइम आधी त्याच्या मागं लागतं आणि मिथेनॉलचं विष व्हायचं थांबतं. हे ऐकून मामांचा मेव्हणा क्वार्टर आणायला निघाला! असला झापला डॉक्टरनी त्याला, ते मोजून, रक्त तपासत द्यायचं असतं म्हणे.

आणि दारू चांगली का वाईट ते काडी लावून, निळी ज्योत बघून ठरवायचं सोडा राव, चांगली दारू पण निळीच जळते. वासावरून, चवीवरून पण कळत नाही. 2015 ला मुंबईत मालवणीत शंभराच्या वर माणसं असल्याच दारूनं गेली.

मामा वाचले. पण नजरेच्या मधोमध करडा डाग राहिलाय, लूमवर तार तुटली तर दिसत नाही. आता त्याच कारखान्यात टॉवेलच्या घड्या घालतात, काठ बोटांनी चाचपून.