एफ कॉर्ड आणि डावं मनगट: नवतपा ते जुलै, सहा आठवड्यांची नोंद

आठवडा १. गिटारवर दहा मिनिटं एफ कॉर्ड धरला की अंगठ्याच्या मुळाशी कळ येते, मनगट जड होतं. अशा वेळी बोटांत ताकद नाही म्हणून रबरी चेंडू दाबायला सांगतात. दुखऱ्या हाताला आणखी दाबायला लावणं चूकच. आधी गिटार तपासायची. तार तिसऱ्या फ्रेटवर (दांडीवरच्या आडव्या धातूच्या पट्टीवर) दाबून पहिल्या फ्रेटवरची फट उजेडाकडे धरून पाहायची. कागद जेमतेम सरकावा. इथे पोस्टकार्ड आरामात जात होतं, म्हणजे नट (दांडीच्या टोकाशी तारा ज्या खाचांत बसतात ती पट्टी) उंच. एफचा आकार पाचव्या फ्रेटवर सहज वाजतो आणि पहिल्यावर जीव काढतो, तोही याचमुळे. नटच्या खाचा कारागिराकडूनच उतरवून घ्या. खाच जास्त खोल गेली तर मोकळी तार पहिल्या फ्रेटवर खरखरते.

आठवडा २. बारा नंबरच्या जाड तारा काढून दहाच्या बारीक लावल्या. आधी तारा, मग मोजमाप, कारण ताण कमी झाला की नेक (दांडी) थोडा सरळ होतो. बाराव्या फ्रेटवर जाड ई तारेखाली ३.२ मिमी अंतर होतं, २.४ हवं होतं. म्हणजे ०.८ कमी करायचं. त्यासाठी सॅडल (तारा दुसऱ्या टोकाला ज्यावर टेकतात ती पट्टी) दुप्पट, १.६ मिमी, खालून घासावं लागतं. सॅंडपेपर काचेवर ठेवून घासायचं, तळ वाकडा झाला तर आवाज दबतो.

आठवडे ३ आणि ४. सगळ्यात जास्त फरक इथे पडला. बोट तारेवर नुसतं टेकवून वाजवायचं, ठक्क असा मुका आवाज येतो. मग दाब हळूहळू वाढवायचा. सूर स्वच्छ लागला की थांबायचं, तेवढाच दाब पुरे. बहुतेकांचा हात याच्या कितीतरी पुढे जातो.

एफमध्ये तर्जनीला सहाच्या सहा तारा दाबायच्याच नसतात. सहावी (सगळ्यात जाड), दुसरी आणि पहिली एवढ्याच तिच्या, बाकीच्या इतर बोटांकडे आहेत. तर्जनी सपाट न ठेवता अंगठ्याकडच्या हाडकुळ्या कडेवर जराशी वळवा, फ्रेटला चिकटून. दुसरी तार मुकी राहिली तर ती बोटाच्या सांध्याच्या घडीत बसली आहे. जोर वाढवू नका, बोट दोन-तीन मिमी वर सरकवा. अंगठा मधल्या बोटाच्या मागे, सैल. ओढ कोपरापासून घ्या, चिमटा नको.

मनगट दुमडलेलं असलं की कंडरा त्या वळणावर घासत चालतात. गिटार डाव्या मांडीवर, डाव्या पायाखाली दोन विटा, नेकचं टोक खांद्याच्या उंचीला: मनगट आपोआप सरळ होतं.

आठवडा ५. पाच मिनिटं सराव, दोन मिनिटं विश्रांती, असे चार फेरे. दुखलं की त्या दिवसापुरतं बंद. रात्री अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर होत असेल तर मनगटातली नस दबत असू शकते. करंगळीला मुंग्या येत असतील तर कोपराकडची. दोन्हींत थेट डॉक्टरकडे जावं. कूलरच्या झोतासमोर बसू नका, गारठलेला हात जास्त दाबतो.

आठवडा ६. पहिल्या पावसानंतर अंतर २.४ चं २.७ झालं. दमट हवेने वरची फळी फुगते. त्यासाठी सॅडल पुन्हा घासू नये. उन्हाळ्यात फळी बसली की तारा फ्रेटला लागतील. गिटार केसमध्ये, कूलरपासून लांब.

सी ते एफ, मेट्रोनोम ६०, कॉर्डला चार ठोके: वीस मिनिटं, कळ नाही. बी फ्लॅट कॉर्ड बाकी.