चार दिवस उशिरा

मंगळवार, रात्री साडेदहा

आज सकाळच्या बैठकीत मी सर्वांसमोर माझी चूक कबूल केली. मासिक अहवालातील ज्या आकड्यावरून शुक्रवारी आमच्या एका तरुण सहकाऱ्याला बोलणी खावी लागली, तो आकडा त्याने लिहिलेला नव्हता. अहवाल पाठवण्याच्या घाईत, जुन्या तक्त्यावरून, तो मीच बदलला होता. शुक्रवारी वरिष्ठ त्याला बोलत होते तेव्हाही मला हे ठाऊक होते आणि तरीही मी गप्प बसले. तो मान खाली घालून कागदाचा कोपरा अंगठ्याने दुमडत होता, पुन्हा सरळ करत होता, आणि मी वहीत काहीतरी टिपून घेत असल्याचे दाखवत होते. रविवारी उपासनेत शास्त्रवाचन माझ्याकडेच होते: बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय, तुम्ही पृथ्वीचे मीठ आणि जगाचा प्रकाश आहात असे येशू शिष्यांना सांगतो ती वचने. वाचताना माझा आवाज नेहमीसारखाच स्वच्छ होता, आणि घरी आल्यावर मला त्याचीच सर्वांत जास्त लाज वाटली.

माझ्या टेबलावर कित्येक वर्षे एक लहानसा क्रूस आहे. त्यामुळे मी कोणावर विश्वास ठेवते हे सांगण्याची गरज कधी पडली नाही. पण त्यामुळेच माझे प्रत्येक वागणे त्या क्रुसाच्या शेजारी ठेवून पाहिले जाते. येशूचा प्रेषित पौल करिंथ येथील ख्रिस्ती मंडळीला लिहितो की तुम्हीच आमचे पत्र आहात, सर्व माणसांना कळणारे आणि त्यांनी वाचलेले. हे वचन मला नेहमी गौरवाचे वाटत आले. शुक्रवारी त्या मुलाने या पत्रात काय वाचले असेल, हा विचार मात्र चार दिवस पाठ सोडत नव्हता.

दुपारी तो माझ्याकडे आला. "मॅडम, तुम्ही बोलला नसता तर कोणाला कळलेही नसते. मग का सांगितलेत?" प्रश्नात राग नव्हता, त्याला खरोखरच जाणून घ्यायचे होते. बायबलमधील पेत्राच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात म्हटले आहे की तुमच्या आशेविषयी विचारणाऱ्याला उत्तर देण्यास नेहमी तयार असा, पण ते उत्तर सौम्यपणे आणि आदराने द्या. मी आजवर उत्तराची तयारी पुष्कळ केली. समोरच्याला मुळात विचारावेसे वाटेल असे जगण्याकडे माझे तितके लक्ष नव्हते. मी त्याला एवढेच म्हटले, "मी ज्याची प्रार्थना करते त्याला ते माहीत होते. आणि चूक कबूल करणाऱ्याला तो दूर लोटत नाही यावर माझा विश्वास आहे, म्हणून धीर झाला." तो क्षणभर थांबला, मान हलवली आणि निघून गेला.

आणखी बोलायला हवे होते का, हे संध्याकाळभर मनात घोळत राहिले. असिसीच्या संत फ्रान्सिसने आपल्या संन्यासी संघाच्या 1221 च्या नियमावलीत परधर्मीयांमध्ये राहणाऱ्या बंधूंसाठी, म्हणजे संघातील संन्याशांसाठी, दोन मार्ग सांगितले आहेत: एक, वादविवाद न करता, देवासाठी सर्वांच्या अधीन राहून, आपण ख्रिस्ती आहोत हे मान्य करणे, आणि दुसरा, देवाची इच्छा तशी दिसेल तेव्हा वचनाची घोषणा करणे. तो स्वतः त्याआधी दोनच वर्षे इजिप्तमध्ये सुलतान अल-कामिलला भेटून आला होता, त्यामुळे बोलण्याचे भय त्याला होते असे कोणी म्हणणार नाही. तरीही त्याने अधीन राहणे आधी लिहिले. मला हा क्रम पटतो. ज्याला मी नुकतेच दुखावले होते, त्याच्याशी केलेल्या कबुलीचे मी लगेच प्रवचन केले असते, तर ती कबुलीही त्याच्यासाठी उरली नसती. माझ्या श्रद्धेची साक्ष देण्याचे ते साधन झाले असते. तो पुन्हा विचारील तेव्हा मी येशूचे नाव घेऊन, मोकळेपणाने सांगेन. तेव्हा गप्प बसणे हाही भित्रेपणाच ठरेल, शुक्रवारसारखाच.

उद्यापासून नवा अहवाल सुरू होईल. तक्ते पाठवण्यापूर्वी माझ्या नोंदी त्याने तपासाव्यात अशी विनंती मी केली आहे, आणि बदललेल्या प्रत्येक आकड्याशेजारी बदलणाऱ्याचे नाव लिहायचे आम्ही ठरवले आहे. रात्रीच्या प्रार्थनेत आज त्याचे नाव घेतले. त्याच्या मनातली शुक्रवारची सल निघून जावी, एवढेच मागितले.