साहेब, हा नकाशा कन्क्लूजिव्ह आहे का?

मोजणीला गेलं की पहिला अर्धा तास भांडण ऐकण्यात जातो. हजेरी, जबाब, लगतच्या कब्जेदारांच्या सह्या हे सगळं त्या गलक्यातच उरकावं लागतं. मी भूकरमापक, म्हणजे भूमी अभिलेख खात्याचा सर्व्हेअर आहे. हे प्रकरण कोर्ट कमिशनचं होतं. दिवाणी दाव्यात कोर्ट आदेश काढतं, पक्षकार फी भरतो आणि आम्ही कोर्टाचे कमिशनर म्हणून जाऊन मोजतो.

वाद बांधाचा होता. तात्या आणि अण्णा हे शेजारी, भावकी नाही. साध्या मोजणीत हद्द तात्यांच्या म्हणण्याप्रमाणे आली. अण्णांनी हरकत घेऊन निमताना मोजणी, म्हणजे फेरमोजणी मागितली, तर ती अण्णांसारखी आली. फरक चार फुटांचा आणि बांध साडेतीनशे फुटांचा, म्हणजे जेमतेम सव्वा गुंठा. तेवढ्यासाठी दोघांनी वकिलांना किती दिले ते विचारू नये. दोन्ही सर्व्हेअर मॅनेज झाले, असं गावात ठरून गेलं होतं. आमच्या खात्याविषयी लोक उगाच बोलतात असं मी म्हणणार नाही, पण इथे भानगड वेगळीच निघाली.

रोव्हर, म्हणजे उपग्रहावरून जागा टिपणारं यंत्र, उभा केला की माणसं गप्प होतात. उपग्रहानं मोजलंय म्हटल्यावर बोलायचं काय? यंत्र जागा दोन-तीन सेंटीमीटरपर्यंत बिनचूक सांगतं, हे खरं. पण ते बांध आज कुठे आहे एवढंच सांगतं. तो कुठे असायला हवा, हे टिपणातच बघावं लागतं.

टिपण म्हणजे मूळ मोजणीच्या वेळी काढलेलं हाताचं चित्र. ते स्केलवर नसतं. मधून एक पायारेषा, तिच्यावर दोन्ही बाजूंना काटकोनात सोडलेले शंकू, म्हणजे हद्दीपर्यंतच्या आडव्या रेषा, आणि त्यांवर साखळी-आण्यांचे आकडे. साखळी 33 फुटांची आणि तिचे सोळा आणे, म्हणून आणा दोन फुटांहून किंचित मोठा. एक साखळी लांब, एक साखळी रुंद तो गुंठा. गावनकाशावर हद्द शोधणाऱ्यांची मला कीव येते. आठ इंचाला मैल या प्रमाणात अर्ध्या मिलिमीटरची शाईची रेघच जमिनीवर तेरा फूट रुंद होते, आणि आमचा वाद चार फुटांचा!

म्हणून दोन्ही सर्व्हे नंबरांची टिपणं काढली. एकाचा कागद घडीवर फाटलेला, पण आकडे वाचता येत होते. पश्चिमेला शिवेचा दगड होता. पूर्वेला तीन नंबर मिळतात तिथला दगड बाभळीखाली निम्मा गाडलेला सापडला. दोन्ही जागचे आणि बिनवादाचे. रात्री संगणकावर टिपणं बसवली. शिवेच्या दगडाकडून मोजत आलं की बांध अण्णांच्या शेतात सरकतो. पूर्वेच्या दगडाकडून आलं की तात्यांच्या शेतात. मधे उरतात बरोबर दोन आणे. पहिला सर्व्हेअर पश्चिमेकडून आला होता, निमतानावाले पूर्वेकडून. दोघांचं गणित बरोबर होतं. मी कुठून सुरुवात केली, एवढी एक ओळ दोघांपैकी एकानं लिहिली असती तर दावा दाखलच झाला नसता. पण आमच्याकडे नकाशा देतात, तो कसा बसवला ते सांगायची पद्धत नाही.

गोल्डस्मिड आणि विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी 1830 च्या दशकात इंदापुरातून ही पाहणी सुरू केली ती शेतसारा ठरवायला. साऱ्याच्या हिशेबात मापातल्या दोन आण्यांनी कुणाचं काही बिघडत नव्हतं. उसाला पाणी आलं, जमिनीला भाव आला आणि आता त्याच कागदाकडून आपण इंचाचा न्याय मागतोय.

मी नकाशावर दोन्ही रेषा दाखवल्या आणि शेऱ्यात कारण लिहिलं. वरिष्ठ म्हणाले, "सर्व्हेअरनं माप द्यायचं, शंका नाही." मी शेरा काढला नाही.

मग साक्ष. तात्यांच्या वकिलांनी टिपण उलटं धरलं होतं, ते मीच सरळ करून दिलं. त्यांचा प्रश्न एकच, नकाशा निर्णायक आहे का: "कमिशनरसाहेब, तुमचा नकाशा कन्क्लूजिव्ह आहे का? येस ऑर नो?" मी म्हणालो, "अभिलेखाप्रमाणे आहे." "येस ऑर नो?" मी पुन्हा तेच म्हणालो. कमिशनरचा अहवाल दाव्यात पुरावा असतो, निकाल नव्हे, हे वकिलांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. सातबाऱ्यावरची नोंदसुद्धा महसूल संहितेच्या कलम 157 प्रमाणे उलट सिद्ध होईपर्यंतच खरी धरायची असते. तरी माझ्याकडून त्यांना तो एक शब्द हवा होता. शेवटी न्यायाधीशांनीच टंकलेखकाला माझं उत्तर आहे तसं घ्यायला सांगितलं.

बाहेर पायरीवर अण्णा गाठ पडले. "साहेब, एकच रेघ मारली असती तर बरं झालं असतं. माझ्याविरुद्ध गेली असती तरी चाललं असतं." ते खरं बोलत होते की नाही, मला अजून ठरवता येत नाही. रेघ विरुद्ध गेल्यावर गप्प बसलेला शेतकरी मी तरी पाहिलेला नाही. पण त्या दोघांना गणित नको होतं, कुणीतरी ठामपणे सांगणारं हवं होतं, आणि ते काम माझं होतं का यावर माझं मन रोज वेगळं उत्तर देतं.

तारीख पुढे गेली आहे. मधल्या काळात कार्यालयानं माझ्याकडे खुलासा मागितलाय, एकाच हद्दीच्या दोन रेषा का दाखवल्या म्हणून. दोन्ही टिपणांच्या नकला जोडून उत्तर लिहायला घेतलंय.