पंखा बंद करून ऐकलेला सीडी प्लेअर

काकांचा सीडी प्लेअर पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी जवळजवळ तिथेच पैसे काढून दिले असते. कोथरूडमधली त्यांची बैठकीची खोली, लाकडी मांडणीवर दहा-बारा किलोंचं ते यंत्र आणि समोर एकच खुर्ची. त्यांनी एक ख्याल लावला. तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांची ती गुंजणारी झणझण, अशी उलगडली की हीच सीडी मी घरी वीस वर्षं ऐकतोय हे खरं वाटेना. काका मुलीकडे बंगळुरूला कायमचे निघाले होते. "तुला कान आहे म्हणून तुला विचारतोय," असं म्हणून त्यांनी किंमत सांगितली. ती माझ्या दुचाकीपेक्षा जास्त होती.

मी आठवडाभर घरी ऐकून बघतो म्हटलं. रिक्षातून न्यायचा नाही या अटीवर ते कबूल झाले. मेहुण्याच्या गाडीतून, मांडीवर घेऊन आणला.

घरी माझा जुना डीव्हीडी प्लेअर आणि काकांचा, दोन्ही एकाच ॲम्प्लिफायरला जोडले. फरक ढळढळीत. डग्ग्याचा घुमारा, तारेची आस, सम गाठण्याआधी गायकाने घेतलेला श्वास. मी वहीत लिहून ठेवलं, "बुवा दिवाणावर येऊन बसल्यासारखे वाटतात." ते वाक्य आता माझं मलाच वाचवत नाही. कारण चहा घेऊन आलेली मुलगी दोन मिनिटं उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, याचा आवाज नुसता मोठा आहे."

राग आला, पण गप्प बसावं लागलं. आवाज किंचित मोठा असला की कानाला तो 'मोठा' वाटत नाही, 'चांगला' वाटतो, हे मी वाचलेलं होतं. आपल्याला ते लागू होईल असं मात्र वाटलं नव्हतं.

मग मोजायला घेतलं. एक हजार हर्ट्झचा एकच सूर सीडीवर उतरवला आणि दोन्ही प्लेअरच्या मागच्या सॉकेटवर मल्टिमीटर लावला. सीडी प्लेअर साधारण २ व्होल्ट देतो असा संकेत आहे, पण बंधनकारक नियम नाही. माझ्या प्लेअरने १.९ दिले, काकांच्या प्लेअरने २.३. म्हणजे सुमारे १.७ डेसिबलचा फरक. तुलना करायची तर तो ०.१ डेसिबलच्या आत आणायला हवा. मल्टिमीटर स्वस्तातला होता, पण दोन्ही वेळा सूर तोच असल्यामुळे त्याची चूकही तीच राहते. पुण्यातल्या पासोड्या विठोबाजवळच्या दुकानातून एक दुहेरी व्हॉल्यूम पॉट, म्हणजे डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंचा आवाज एकदम कमी-जास्त करणारी फिरकी, आणला, काकांच्या प्लेअरच्या वाटेत बसवला आणि दोन्हीकडचे आकडे जुळेपर्यंत कणाकणाने फिरवला. सबंध खटाटोपात सर्वांत जास्त वेळ याला गेला. डाव्या बाजूला जुळवावं तर उजवी हलायची.

दुसरी अडचण मला आधी सुचलीच नव्हती. दोन्हींत तीच सीडी लागते, म्हणून मूळ तबकडीची बिट न बिट प्रत काढली. दोन्ही एकदम सुरू केले तरी अर्ध्या सेकंदाचं अंतर राहायचं, आणि बदलताना ते अंतरच चुगली करायचं. शेवटी ठरवलं, दर वेळी तेवढाच अर्ध्या मिनिटाचा तुकडा सुरुवातीपासून लावायचा.

रविवारी दुपारी बसलो. दिवस एप्रिलचे, आणि पंखा बंद. पंख्याच्या घरघरीत तानपुऱ्याचे वरचे स्वर बुडून जातात, त्यामुळे इलाज नव्हता. मी पाठ करून खिडकीकडे तोंड केलेलं. बायको मागे नाणं उडवणार, त्याप्रमाणे प्लेअर लावणार आणि दुधाच्या हिशेबाच्या वहीत टिपणार. तोच प्लेअर पुन्हा आला तरी ॲम्प्लिफायरवरचा प्लेअर बदलण्याचा खटका फिरवून जागेवर आणायचा, म्हणजे 'खट' आवाजावरून मला कळू नये. आधी दोन्ही नावं सांगून ऐकवायची, मग न सांगता सोळा वेळा. नुसत्या नाणेफेकीच्या नशिबाने सोळापैकी बारा किंवा जास्त बरोबर यायची शक्यता चार टक्क्यांहून कमी, म्हणून बारा ही पासाची रेघ ठरवली.

पहिल्या पाच-सहा वेळा मी छातीठोकपणे सांगत होतो. आठव्या वेळेला शेजारच्या कुकरची शिट्टी झाली म्हणून तो डाव पुन्हा घेतला. दहाव्यानंतर मला काहीच कळेनासं झालं. एकदा तर "हा काकांचाच, जवारी बघ ना" असं मी म्हटलं तेव्हा बायकोला खोकला आला.

सोळापैकी नऊ.

याचा अर्थ सगळे प्लेअर सारखे असा मी काढत नाही. माझे कान, माझे स्पीकर, एक दुपार, एवढ्यापुरतंच ते. वय चौपन्न, मुलीने वरचे सूर ऐकवले तेव्हा बारा हजार हर्ट्झच्या पुढे मला शांतता होती आणि ती मात्र "अजून येतोय" म्हणत होती. तिचीही परीक्षा घेतली. दहा आले. सीडीवर आवाजाचे दर सेकंदाला ४४,१०० नमुने, १६ बिटांत, हे १९८२ साली पहिले प्लेअर विकायला आले तेव्हापासून तसंच आहे. नीट वाचून ते व्होल्टमध्ये बदलण्याचं काम आता साधं यंत्रही बऱ्यापैकी करतं.

एका बाबतीत मात्र काकांचा प्लेअर निर्विवाद सरस निघाला. माझ्याकडची एक चरे पडलेली सीडी जुन्या प्लेअरमध्ये चौथ्या गाण्यावर अडखळते. काकांच्या प्लेअरने ती पहिल्यापासून शेवटपर्यंत न थांबता वाजवली. तेवढ्यासाठी एवढी रक्कम द्यायची का, यावर आमच्याकडे दोन दिवस चर्चा झाली. ती इथे देत नाही.

काकांना सगळं सांगितलं, वहीही दाखवली. ते हसले नाहीत. "मलाही बसव," म्हणाले. पुन्हा पंखा बंद, पुन्हा नाणं. सात आले. वही बायकोच्या हातात परत देत म्हणाले, "आधी तो पंखा लाव. आणि हा मी बंगळुरूला घेऊन जातो."

त्यानंतर मी स्पीकर भिंतीपासून दोन फूट पुढे ओढले. डग्गा लगेच मोकळा झाला. स्वयंपाकघरातून आवाज आला, "आता काय नवीन आणलंस?"