तुम्ही विचारलंत म्हणून: ‘न’ शोधला, ‘२’ कसा सापडला?

नाशिकला कॉलेज रोडवर सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला जाणारी मुलं हे हमखास विचारतात: ‘स्ट्रचर इंग्रजी अक्षर बरोब्बर शोधतं, मग मराठी पत्ता दिला की भलतीकडेच का बोट दाखवतं?’

आधी इंग्रजीचं उरकू. स्ट्रचर, म्हणजे एस-टी-आर-सी-एच-आर, हे सीचं अक्षर शोधणारं फंक्शन. स्ट्रिंगमध्ये, म्हणजे अक्षरांच्या ओळीत, अक्षर पहिल्यांदा जिथे सापडतं तिथला पॉइंटर, म्हणजे मेमरीतली जागा, ते देतं. नाही सापडलं तर नल, म्हणजे कुठेच बोट न दाखवणारा पॉइंटर. कितवं अक्षर ते हवं असेल तर त्या पॉइंटरमधून स्ट्रिंगच्या सुरुवातीचा पॉइंटर वजा करा; मोजणी शून्यापासून. नल न तपासता तिथलं वाचायला गेलात की बहुधा सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे प्रोग्राम कोसळतो. सगळ्या जागा हव्यात? पुढचा शोध सापडलेल्या जागेच्या एक घर पुढून सुरू करा. ते एक घर विसरलं की तेच अक्षर पुन्हा पुन्हा सापडतं आणि लूप काही थांबत नाही. शेवटून शोधायचं, समजा फाइलच्या नावातला शेवटचा टिंब, तर मध्ये आणखी एक आर असलेलं भावंड आहेच.

आता मराठी. हा पत्ता घ्या: ‘प्लॉट २, सिडको, नाशिक’. यात ‘न’ शोधा. जीसीसी या कंपायलरने बांधलेला प्रोग्राम १८ सांगतो, आणि १८ वर ‘न’ नाहीच, तिथे ‘२’चं शेपूट आहे! खरा ‘न’ ३८ वर सुरू होतो.

गोम अशी, की सीच्या लेखी कॅर, म्हणजे अक्षर ठेवायचा प्रकार, हा एक बाइट, आणि यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. मात्रासुद्धा. म्हणून नुसत्या ‘नाशिक’ची स्ट्रलेन, म्हणजे बाइटमधली लांबी, १५ येते. ‘न’ म्हणजे २२४-१६४-१६८. ‘२’ म्हणजे २२४-१६५-१६८. एकेरी अवतरणात ‘न’ लिहिला की जीसीसी ‘मल्टी-कॅरॅक्टर’ असा इशारा देतो खरा, पण काम पुढे रेटतो. स्ट्रचर त्या आकड्याचं कॅर करतं तेव्हा हाती उरतो फक्त शेवटचा बाइट, १६८. तो आधी ‘२’मध्ये भेटला. क्लँग हा दुसरा कंपायलर असा कोड मुळात घेतच नाही, आणि ते बरंच आहे.

उपाय सोपा. ‘न’ दुहेरी अवतरणात लिहा आणि स्ट्रस्टर वापरा, म्हणजे एस-टी-आर-एस-टी-आर. तिन्ही बाइट ओळीने जुळल्याशिवाय ते हो म्हणत नाही. यूटीएफ-८ ची रचनाच अशी, की चिन्हाचा पहिला बाइट दुसऱ्या कुठल्या चिन्हाच्या पोटात येत नाही, त्यामुळे अर्ध्यात जुळण्याची भीती नाही. फक्त दुहेरी अवतरणं स्ट्रचरला देऊ नका. तिथे अक्षराऐवजी त्याचा मेमरीतला पत्ता जातो.

तरी एक पेच राहतो. ‘क’ शोधलात तर ‘सिडको’तला ‘को’ही सापडणार. मात्रा नसलेलाच ‘क’ हवा असेल तर त्याच्या पुढचे तीन बाइट बघा: २२४-१६४-१९० किंवा १९१ असतील, नाहीतर २२४-१६५ आणि मग १२८ ते १४१ पैकी काही, तर पुढे नेहमीची मात्रा किंवा हलन्त आहे, तो ‘क’ सोडा. हे बाइट अनसाइन्ड कॅर करूनच तपासा. साध्या पीसीवर कॅर साइन्ड, म्हणजे उणे आकडेही धरणारं, असतं, २२४ तिथे उणे ३२ दिसतं आणि अट कधीच खरी होत नाही.

वाइड कॅरॅक्टरचा, म्हणजे अख्खं चिन्ह एका घरात ठेवायचा, रस्ताही आहे: एमबीएसटोडब्ल्यूसीएस आणि मग डब्ल्यूसीएसचर. पण त्याआधी सेटलोकेल, म्हणजे भाषेची सेटिंग लावणारं फंक्शन, हवं, नाहीतर लिनक्सवर रूपांतर नीट होत नाही. एका अक्षरासाठी एवढा पसारा आम्हाला तरी नको वाटतो.

आणि ‘तऱ्हा’, ‘पुऱ्या’ असे शब्द शोधत असाल तर दोनदा शोधा. हा ‘र’ कोणी ऱ आणि हलन्त असा टंकतं, कोणी र, हलन्त आणि न दिसणारा जोडक असा. स्क्रीनवर फरक कळत नाही, बाइट मात्र वेगळे.