सामायिक सातबाऱ्यावरचं घरकुल

घरकुलाची फाइल पैशांमुळे अडते, असं बाहेरच्यांना वाटतं. सिंधुदुर्गातल्या छोट्या नगरपंचायतीत ती बहुतेक वेळा सातबाऱ्यावर अडते. प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी भागात लाभार्थ्याने स्वतःच्या जागेवर स्वतः घर बांधायचं असा एक घटक आहे. त्यात केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख मिळतो. पण ‘स्वतःची जागा’ इथे क्वचितच एकट्याची असते. वर आजोबांचं नाव, खाली वारसांची रांग, आणि त्यातले निम्मे परळ, नालासोपारा, बदलापूरला. ग्रामपंचायतीतून नगरपंचायत झालेल्या गावात सिटी सर्व्हे झालेला नसेल, तर मिळकत पत्रिकाही नसते. लोक घरपट्टीचा असेसमेंट उतारा घेऊन येतात. घर कधीपासून उभं आहे ते त्यावरून कळतं, जमीन कुणाची ते कळत नाही.

म्हणून या कामाचे आमचे खरे दिवस गणपतीतले. चाकरमानी गावात असतात तेवढ्यातच सह्या होतात. ते दिवस हुकले तर पुढचा मोका शिमग्याला. शिमग्यात सही झाली की परवानगी, चिरे, जोतं यांत मे उजाडतो आणि छप्पर पावसात सापडतं.

सांगतो ती फाइल खाडीकाठच्या वाडीतली. अर्जदार मासे विकणारी विधवा बाई, घर मातीच्या भिंतींचं आणि मंगळुरी कौलांचं. उत्पन्न तीन लाखांच्या आत, देशात कुठेही पक्कं घर नाही, गेल्या वीस वर्षांत कुठल्या सरकारी योजनेतून घर मिळालेलं नाही. पात्रतेत कुठेच खोट नव्हती. जमीन मात्र सासऱ्यांच्या नावावर होती. वारस नोंदीचा पहिला अर्ज फक्त मुलग्यांची नावं घालून केला होता, तो परत गेला. नणंदांची नावं गाळून केलेला फेरफार आज निघाला तरी उद्या हरकतीत पडतो. वडिलांच्या मिळकतीत मुलीही वारस आहेत, हे आमच्या वाड्यांवर अजून पुन्हापुन्हा सांगावं लागतं. दुसऱ्या अर्जात सगळी नावं आली, पंधरा दिवसांची नोटीस संपली आणि सातबाऱ्यावर अकरा सहहिस्सेदार लागले.

आता या अकरांची संमती हवी होती. गौरी-गणपती पाण्यात गेल्यानंतरच्या पहिल्या कामाच्या दिवशी दुपारी दस्त नोंदवणाऱ्या दुय्यम निबंधकांकडे वेळ घेतली होती. सकाळी सगळ्यांना जागेवरच बोलावलं. कार्यालयात बसून नकाशावर केलेली सहमती खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, उभं राहिल्यावर टिकत नाही.

टेप लावल्यावर खरी अडचण दिसली. जुन्या घराची खाडीकडची भिंत भरतीरेषेपासून ४१ मीटरवर. सीआरझेडच्या, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या, २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणे खाडीकाठी निर्बंधाचा पट्टा ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यातलं जे कमी असेल ते. खाडी इथे रुंद आहे, म्हणजे ५० मीटर धरायचे. २०११ च्या अधिसूचनेत हेच अंतर १०० मीटर होतं, आणि नवा किनारा आराखडा मंजूर होईपर्यंत जुनंच चालतं. त्यामुळे कुठला नकाशा लागू आहे ते आधी पाहावं. हा प्रभाग सीआरझेड तीनमध्ये, म्हणजे फारसा विकास न झालेल्या किनारी भागात, आणि जुनं घर अख्खं ना-विकास पट्ट्यात. तिथे अधिकृत जुन्या घराची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी करता येते, पण जोत्याचं क्षेत्र वाढवता येत नाही. जुनं जोतं ६.२ बाय ४.६, म्हणजे साडेअठ्ठावीस चौरस मीटर. नऊ इंची चिऱ्याच्या भिंती धरल्या की आत पावणेचोवीस उरतात. सप्टेंबर २०२४ पासून सुरू झालेल्या योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात चटईक्षेत्र, म्हणजे भिंतींच्या आतलं क्षेत्र, किमान ३० चौरस मीटर लागतं. एक नियम म्हणतो वाढवू नका, दुसरा म्हणतो एवढ्यात घरकुल बसत नाही. दोन्ही नियम आपापल्या जागी योग्य आहेत. खाडीचं पाणी अंगणात आलेलं ज्याने पाहिलंय त्याला ५० मीटर जास्त वाटणार नाहीत, आणि चौघांच्या कुटुंबाला ३० चौरस मीटर चैन नव्हे.

वाट एकच होती. घर पट्ट्याबाहेर, रस्त्याच्या बाजूला सरकवायचं. पण ती जागा म्हणजे सामायिक खळं.

भरतीरेषेपासून पाणंदीची कड ५९ मीटरवर. पाणंद तीन मीटर रुंद. साडेचार मीटरपेक्षा अरुंद रस्त्याला मध्यापासून सव्वादोन मीटर सोडावे लागतात, म्हणजे कडेपासून पाऊण मीटर. राहिले ५० ते ५८.२५ मधले सव्वाआठ मीटर. घर कागदावर आतून ५ बाय ६ काढण्याचा मोह होतो, कारण बरोबर ३० भरतात. तसं काढू नये. गिलावा दोन्ही बाजूंनी दीड-दीड सेंटिमीटर खातो आणि शेवटच्या मोजणीत २९.७ येतात. आम्ही आतून ५.१० बाय ६.१० धरलं; चिऱ्यासह बाहेरून ५.५६ बाय ६.५६. घराची मागची भिंत ५२.६९ वर आली. पन्नास मीटरच्या रेषेपासून एवढं अंतर मुद्दाम ठेवलं. स्थानिक किनारा नकाशा साधारण एकास चार हजार या प्रमाणाचा असतो. त्यावरची अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर दोन मीटर होते, आणि रेघेला टेकून बांधलेलं घर उद्या कुणीही पट्ट्याच्या आत ढकलू शकतो.

चुन्याने चौकोन आखला तेव्हा थोरले दीर पुढे आले. “घर होऊक आमची ना नाय. पण होडी खयसून काढूची?” चौकोनाने खाडीकडे जायची वाट बुजत होती. पुढचा तास घरावर कुणी बोललं नाही, सगळे वाटेवर बोलले. हे वावगं नव्हतं. त्या वाटेवर चार घरांची चूल चालते. खळ्याची रुंदी अकरा मीटर. घर दक्षिणेकडे सरकवून उत्तरेला दोन मीटरची वाट ठेवली, आणि त्या बाजूच्या पागोळ्या वाटेवर पडू नयेत म्हणून पन्हळ ठरली. जुन्या चौथऱ्यावर पुतण्याला खोली हवी होती. तिथे नवं काही उभं राहू शकणार नाही हे त्याला नियम वाचून दाखवलं. शेवटी जागा जाळी सुकवायला सगळ्यांची राहिली.

विहिरीचा प्रश्न मी काढला, कारण तो कुणीच काढत नाही. पिण्याच्या विहिरीपासून शोषखड्डा १८ मीटर लांब हवा. मिळणारी जागा अकरा मीटरवर होती, आणि जांभ्यातून पाणी झिरपायला वेळ लागत नाही. म्हणून शोषखड्डा रद्द केला. आतून-बाहेरून गिलावा केलेली बंद टाकी पाणंदीच्या बाजूला घेतली, म्हणजे मैला उपसायची गाडी तिथपर्यंत येते. खर्च थोडा वाढतो, पण विहीर अकरा जणांची आहे.

हे सगळं संमतीपत्रात उतरवलं. सर्व्हे आणि हिस्सा नंबर, चतुःसीमा, मीटरमधली मापं असलेला हातनकाशा, होडीची वाट, विहिरीचा हक्क, आणि घर बाईंच्या नावावर राहील हे वाक्य. नुसतं ‘आमची हरकत नाही’ लिहिलेला साधा स्टॅम्पपेपर पुढच्या पिढीत उपयोगाचा नसतो. दहा जण दुपारी हजर राहिले. अकरावी बहीण बदलापूरला. तिने तिकडच्या दुय्यम निबंधकासमोर प्रमाणित केलेलं कुलमुखत्यारपत्र भावाकडे दिलं होतं. केवळ नोटरीसमोर केलेलं असतं तर नोंदणीला चाललं नसतं. एखादा राहिलाच, तर त्याने सही केल्यापासून चार महिन्यांत येऊन कबुली द्यायची सोय कायद्यात आहे. ती माहीत नसल्याने लोक वर्ष घालवतात.

त्याच संध्याकाळी बाईंना दोन गोष्टी बजावल्या. जुन्या घराला आत्ता हात लावायचा नाही. ‘काम सुरू नाही’ या टप्प्याचं जिओटॅगिंग, म्हणजे ठिकाणासह फोटोची नोंद, व्हायच्या आत घर पाडलं की फाइल लटकते. आणि कार्यादेश हातात येईपर्यंत पायाही खणायचा नाही. केंद्राचा हिस्सा ४०, ४०, २० टक्के असा बांधकामाच्या टप्प्यांवर येतो, तोही त्या दिवशीच येईल असं नाही. चौरस फुटाला सतराशे धरले तरी हे घर साडेसहा लाखांच्या वर जातं, मग अनुदानाबाहेरचे चार लाख कुठून येणार ते आधी लिहून काढायला लावलं. एवढ्या खर्चाच्या स्वतःच्या घराला बांधकाम कामगारांसाठीचा उपकर लागत नाही, तो कुणी मागितला तर द्यायचा नाही. चिरे जोत्यासह दीड हजारांच्या आसपास लागतील. ते दिवाळीनंतर खाणी सुरू झाल्या की लगेच आणून ठेवायचे, एप्रिलमध्ये भाव आणि गाडीभाडं दोन्ही चढतात.

त्या वर्षीच्या यादीतल्या बाकीच्या सामायिक सातबाऱ्यांनाही आता हाच क्रम लावला आहे. अर्ज येतो त्याच दिवशी सातबारा आणि किनारा नकाशा पाहायचा, वारस नोंद श्रावणाआधी संपवायची, आणि प्रस्ताव वर पाठवण्याआधी गणपतीत जागेवर टेप लावायचा. बाईंचं जोतं डिसेंबरात भरलं. छपरासाठी त्यांनी स्लॅबऐवजी कौलंच घेतली. जुनी मंगळुरी कौलं निम्म्याहून अधिक शाबूत निघाली, तेवढा खर्च वाचला.