ग्राउलचा रियाज

रविवार, रात्र

टेनर सॅक्सोफोन पूर्ण आवाजात वाजवायचा, तर कोथरूडमधल्या दोन खोल्यांच्या घरात ते जमण्यासारखे नाही. धायरीला एका मित्राचे लेथचे वर्कशॉप आहे आणि रविवारी तिथली यंत्रे बंद असतात, म्हणून आज दुपारी सर आणि मी तिथेच गेलो. पत्र्याच्या शेडमध्ये आवाज इतका घुमतो की वाजवणाऱ्याचा स्वतःविषयी उगाच चांगला ग्रह होतो. सरांनी बहुधा त्यासाठीच मला गोणपाटांच्या थप्पीकडे तोंड करून उभे केले.

आजचा विषय होता ग्राउल. फुंकत असतानाच गळ्यातून वेगळा स्वर गायचा, पण ओठांची पकड ढळू द्यायची नाही. दोन्ही कंपने रीडपाशी, म्हणजे मुखाशी थरथरणाऱ्या पातळ पट्टीपाशी, मिसळतात आणि त्यांच्या बेरजेचे व वजाबाकीचे नवे स्वरही उमटतात. गळ्याचा सा २०० हर्ट्झचा आणि वाद्याचा पंचम ३०० हर्ट्झचा धरला, तर १०० म्हणजे खालचा सा आणि ५०० म्हणजे तार गंधार आपोआप येऊन बसतात, त्यामुळे आवाज खरखरीत असूनही भरदार लागतो. गळा वाद्याच्या स्वराच्या अगदी जवळ, पण किंचित बाजूला ठेवला की नुसती घरघर उरते. सर आयुष्यभर वरातींत वाजवत आलेले, त्यांनी हे गणित न मांडता एवढेच सांगितले, "अरे, आधी सा लाव, मग चीड."

जीभ 'र्र्र' अशी फिरवण्याचे फ्लटर टंग लगेच जमले. मराठी माणसाला त्याचे काय कौतुक!

खरा वेळ गेला तो उपस्वरांवर. सगळी छिद्रे बंद ठेवून सर्वांत खालचा स्वर लावायचा आणि बोटे न हलवता, केवळ घसा व जीभ यांचा आकार बदलत, त्याचा वरचा सा, मग पंचम, पुन्हा सा आणि गंधार काढायचा. सॅक्सोफोनची नळी शंकूसारखी रुंदावत जाते म्हणून पहिली उडी सप्तकाची पडते. क्लॅरिनेट त्याच उडीत थेट तार पंचमावर पोहोचतो. वरचे किंचाळणारे अल्टिसिमो स्वर याच पायावर उभे राहतात, त्यामुळे हा कंटाळवाणा भाग टाळून पुढे जाता येत नाही.

परतताना लायोनेल हॅम्प्टनच्या जॅझ वाद्यवृंदातले इलिनॉय जॅकेट यांचे १९४२ चे टेनर वादन ऐकले. एकच स्वर ते ठासून पुन्हा पुन्हा वाजवतात, तरी तो आरडाओरडा वाटत नाही, कारण प्रत्येक आघात नेमक्या जागी पडतो. सॅक्सोफोनवर कर्नाटक संगीत वाजवणाऱ्या कद्री गोपालनाथांची गमके ऐकतानाही मला हाच काटेकोरपणा जाणवतो, मात्र तिथे जोर पुष्कळ आत दडलेला असतो.

पुढच्या रविवारी ग्राउलमध्ये गळ्याचा सा तसाच ठेवून वाद्याचा स्वर पंचमावरून मध्यमावर आणायचा आहे. हिशेबाने तिथे खाली सा न मिळता मध्यमच मिळायला हवा. तंबोरा वाजवणारा मोबाइल सोबत न्यायचा आहे आणि नवी रीडही.